व्यवसाय-मार्गदर्शन : श्रद्धा आणि लैंगिक कल



दहावी-बारावीचे निकाल लागले, की घरोघरी एकाच प्रश्नाचा खल सुरू होतो : मुलाने पुढे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने न देता पद्धतशीरपणे शोधावे, या विचारातून व्यवसाय-मार्गदर्शनाचे शास्त्र जन्मास आले. अमेरिकेतील बोस्टन शहरी १९०८ साली फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी तरुणांसाठी असे पहिले केंद्र उघडले. त्याच वर्षी ते निवर्तले आणि त्यांचा ग्रंथ १९०९ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. त्यांची मांडणी अगदी सुटसुटीत आहे. माणसाने प्रथम स्वतःस ओळखावे, मग निरनिराळ्या कामांची माहिती करून घ्यावी आणि शेवटी या दोहोंचा मेळ घालावा. आपल्याकडे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून अशा मार्गदर्शनाची सोय असावी असे आग्रहाने सांगितले, आणि तेव्हापासून हा विषय शिक्षकांच्या परिचयाचा झाला आहे.

आजच्या भाषणात मी या विषयाच्या एका अशा कोपऱ्याकडे वळणार आहे, की जेथे आपण सहसा दिवा नेत नाही. पार्सन्स म्हणतात, प्रथम स्वतःस ओळखा. परंतु ज्या तरुणाची ओळख अशा दोन गोष्टींनी बनली आहे, की ज्या एकत्र नांदूच शकत नाहीत असे त्याला लहानपणापासून ऐकवले गेले, त्याने काय करावे? मी बोलत आहे ते समलिंगी कल असलेल्या आणि त्याच वेळी आपल्या धर्मावर मनापासून श्रद्धा ठेवणाऱ्या तरुण-तरुणींविषयी. ज्या पुरुषाच्या मनाची ओढ पुरुषाकडे असते, वा ज्या स्त्रीची स्त्रीकडे, त्याचा वा तिचा कल समलिंगी आहे असे आपण म्हणतो. असा तरुण मार्गदर्शकापुढे येऊन बसतो तेव्हा त्याला बहुधा हवी असते ती नोकरी. आपण मात्र त्याला उपदेश देऊ लागतो.

हा कल म्हणजे आजार नव्हे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने केव्हाच निकालात काढली आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली तो आपल्या विकारांच्या यादीतून वगळला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तेच केले. आपल्या देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली तसे जाहीर केले. याहून कमी लोकांस ठाऊक असलेली गोष्ट पुढची आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००९ साली एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. लैंगिक कल बदलण्याचे जे उपाय केले जातात ते परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा नाही आणि त्यांपासून अपाय होण्याचा संभव आहे, हे त्यात सांगितले, आणि ते सर्वत्र उद्धृत झाले. परंतु त्याच अहवालात असेही सुचवले होते, की ज्याला आपली श्रद्धा मोलाची वाटते त्याच्या श्रद्धेसही समुपदेशकाने मान द्यावा, ती टाकून दे असे त्याला सांगू नये. हा उत्तरार्ध बहुतेकांच्या वाचनातून निसटतो. एक पक्ष म्हणतो, कल सोड; दुसरा म्हणतो, देऊळ सोड, चर्च सोड. समोरचा तरुण यांपैकी काहीच सोडावयास आलेला नसतो.

आता याचा व्यवसायाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन विदुषींनी १९८१ साली एक उपपत्ती मांडली. तिचे सार असे, की मूल मोठे होत असता व्यवसाय निवडत जाण्याऐवजी ते वगळत जाते. सहा ते आठ वर्षांच्या सुमारासच ‘हे काम बायकांचे’, ‘हे पुरुषांचे’ अशी पहिली चाळण लागते. पुढे प्रतिष्ठेची चाळण लागते. मग स्वतःच्या आवडीनिवडीची पाळी येते, तोवर हाती थोडेच उरलेले असते. समलिंगी कल असलेल्या मुलाच्या बाबतीत भीतीची आणखी एक चाळण लागते. शिक्षक होऊ नये, कारण पालक काय म्हणतील. गावात दुकान टाकू नये, कारण लग्न केव्हा असे रोज विचारतील. एखादा दूरच्या शहरातील नोकरी धरतो ती कामाच्या आवडीमुळे नव्हे, तर घरी येणारी स्थळे टाळता यावीत म्हणून. एखादा मठात किंवा सेमिनरीत जाऊ म्हणतो. तेथे तरी हा प्रश्न कोणी विचारणार नाही असे त्याला वाटते. मार्गदर्शकाने प्रथम हे पाहावे, की समोरच्याने जी वाट धरली आहे ती ओढीने धरली आहे की पळ काढण्यासाठी. दोन्ही वाटा बाहेरून सारख्याच दिसतात.

येथे मराठी माणसास जवळची वाटावी अशी एक हकिगत सांगणे मला भाग आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ मराठी शिकवले आणि तेथील आधुनिक भारतीय भाषांच्या विभागाचे प्रमुखपद भूषवले. ते कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह. आपल्या प्रदेशापासून शेकडो कोस दूर राहून मराठीचा दिवा तेवत ठेवणे म्हणजे काय, हे इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील श्रोत्यांस मी सांगावयास नको. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या निवासस्थानी घुसली आणि त्यांच्या खाजगी जीवनाचे चित्रण केले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने त्यांस निलंबित केले व निवासस्थान सोडण्यास फर्मावले. तेव्हा त्यांचे वय ६४ वर्षांचे होते आणि निवृत्तीस काही महिनेच उरले होते. ते उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. माणसाच्या खाजगीपणाचा हक्क मोलाचा मानला. ७ एप्रिल रोजी सिरस आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले.

या हकिगतीवरून एखाद्या धर्मावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. अशा प्रसंगी सर्वच धर्मांच्या छायेतील संस्था कठोर होऊ शकतात. मला त्यातून व्यवसाय-मार्गदर्शनाचा एक धडा दिसतो आणि तो पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. सिरस यांची नोकरी कायम होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच खाजगीतील समलिंगी संबंध अपराध नव्हेत असा निर्णय दिला होता, म्हणजे कायद्याचा वाराही त्या काळी अनुकूल होता. तरीही त्यांच्या पायांखालची जमीन सरकली, कारण घर मालकाचे म्हणजे विद्यापीठाचे होते. पगार, छप्पर, शेजार आणि समाजातील स्थान या चारही गोष्टी एकाच हाती होत्या. म्हणून नोकरीचा विचार करताना पगाराच्या आकड्याच्या जोडीला एक प्रश्न अवश्य विचारावा : राहण्याची जागा कोणाची? मिशनच्या आवारातील शिक्षक-निवास, ट्रस्टचे वसतिगृह, छावणीतील क्वार्टर, आश्रमाची खोली या जागा स्वस्त व सोयीच्या असतात. पण एक दार बंद झाले की तेथे सगळीच दारे बंद होतात. असे काम पत्करूच नये असे मी म्हणत नाही. पत्करावे, पण गावात आपल्या नावाची एखादी खोली, बँकेत सहा महिन्यांचा खर्च आणि दुसऱ्या संस्थेत चालेल असे एखादे प्रमाणपत्र असू द्यावे.

कायद्याची आजची स्थिती मार्गदर्शकास तंतोतंत ठाऊक हवी. अर्धवट माहितीने फार घात होतो. दिल्लीचा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नवतेज सिंग जोहर यांच्या खटल्यात तोही फिरवून, प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध अपराधाच्या कक्षेतून कायमचे काढले. याचा अर्थ समलिंगी विवाहास मान्यता मिळाली असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे नोकरीतील कुटुंब-वैद्यकीय सोय किंवा कुटुंब-निवृत्तिवेतन जोडीदारास आपोआप मिळत नाही. २०१८ च्या निर्णयानंतर शासकीय सेवेत केवळ या कारणावरून भेद केल्यास घटनेचा आधार घेता येतो. खाजगी आस्थापनांत मात्र लैंगिक कलावरून नोकरी नाकारण्यास स्पष्ट मज्जाव करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा त्या निर्णयाने आपोआप निर्माण झालेला नाही. काही मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून तसे नियम केले आहेत. ते मागून घेऊन वाचावेत. बेळगाव परिसरातील श्रोत्यांसाठी एक मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे. तेथे मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने सैन्यात जाणे हा घराण्याचा अभिमान असतो. सैन्यास स्वतःचे कायदे आहेत, आणि २०१८ च्या निर्णयानंतरही, जानेवारी २०१९ मध्ये, तत्कालीन लष्करप्रमुखांनी सैन्यात अशी मुभा मिळणार नाही असे पत्रकारांस सांगितले होते. भरतीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वीच तरुणास हे कळलेले बरे.

गोव्यातून आणि वसईकडून पुष्कळ तरुण आखाती देशांत जातात. त्यांपैकी अनेक देशांत समलिंगी संबंध आजही दंडनीय आहेत. वडोदरा-हैदराबादेतून अमेरिकेस जाणाऱ्यांची समजूत अशी असते, की तेथे सारे मोकळे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२० रोजी असा निर्णय दिला खरा, की समलिंगी कलामुळे नोकरीवरून काढणे हा कायद्याने निषिद्ध भेदभाव होय. परंतु त्यानंतर अवघ्या तेवीस दिवसांनी, ८ जुलै रोजी, त्याच न्यायालयाने कॅलिफोर्नियातील दोन कॅथलिक शाळांच्या शिक्षिकांच्या खटल्यांत सांगितले, की मुलांस धर्माची शिकवण देण्याचे काम ज्यांच्याकडे आहे अशा शिक्षकांच्या नेमणुकीत व बडतर्फीत न्यायालये हात घालणार नाहीत. त्या शिक्षिकांची तक्रार वयाविषयी व आजारपणाविषयी होती, लैंगिक कलाविषयी नव्हे. पण निर्णयाची छाया तेथवर पोचते. दोन्ही निकाल एकत्र वाचले तरच धार्मिक शाळेत नोकरी धरणाऱ्यास आपली जागा कळते.

मी स्वतः कॅथलिक आहे आणि शिक्षक आहे, म्हणून माझ्या धर्माविषयी दोन शब्द स्पष्ट बोलतो. ‘व्होकेशन’ हा शब्द लॅटिनमधील हाक मारणे या अर्थाच्या धातूपासून आला. आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी त्यास ‘पाचारण’ म्हणतो आणि धर्मगुरूच्या व धर्मभगिनीच्या जीवनास तो शब्द विशेषेकरून लावतो. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात समलिंगी संबंधांस मान्यता नाही. अशा व्यक्तींनी ब्रह्मचर्य पाळावे अशी अपेक्षा त्यात आहे. त्याच ठिकाणी, अशा व्यक्तींचा स्वीकार आदराने व हळुवारपणे करावा आणि त्यांच्याविषयी अन्याय्य भेदभावाची खूणही असू नये, असेही बजावले आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये रोमहून निघालेल्या सूचनेनुसार, ज्यांचा समलिंगी कल खोलवर रुजलेला आहे त्यांस सेमिनरीत प्रवेश देऊ नये असे ठरले. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाखतीत समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे असे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अशा जोडप्यांस विधीवाचून साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना मिळाली. विवाहाविषयीची शिकवण मात्र तीच राहिली. पाचारणाची ओढ सांगत येणाऱ्या मुलास हे सारे जसे आहे तसे सांगावे. मखर सजवून सांगू नये आणि बागुलबुवाही उभा करू नये. धर्मसेवा सेमिनरीपुरतीच असते असे नाही. परिचारिका, शिक्षक, वाद्यवृंदाचा संचालक, अपंगांच्या संस्थेचा हिशेबनीस यांच्या कामातही प्रार्थना असू शकते. हिंदू मुलास या बाबतीत सोपे जात असेल असे कोणी गृहीत धरू नये. त्याच्यासाठी ग्रंथांतील वचनाऐवजी वंशाचा दिवा, पितरांचे ऋण आणि आईचे अश्रू उभे असतात, आणि ते वचनाहून हलके नसतात.

मार्गदर्शकाच्या स्वतःच्या श्रद्धेचे काय, हाही प्रश्न खराच आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात समुपदेशनाचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने २००९ साली, आपल्या धर्ममताचे कारण देऊन, समलिंगी व्यक्तीस मार्गदर्शन करणे नाकारले. तिला अभ्यासक्रमातून काढण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१२ मध्ये ते तडजोडीने मिटले. तेथील समुपदेशकांच्या संघटनेने २०१४ च्या आपल्या आचारसंहितेत, केवळ स्वतःच्या मूल्यांपायी कोणास दुसरीकडे धाडू नये, असे स्पष्ट लिहिले. मला ते रास्त वाटते. शिंपी गिऱ्हाइकाचे माप घेताना त्याने कोणत्या समारंभास जावे हे ठरवीत नाही. आपल्याकडील उदाहरण मला अधिक भावते. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे दोन तरुणींचा अर्ज आला असता, आपणांस हा विषय पुरता कळत नाही असे सांगून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे समजून घेण्यासाठी बसले, आणि मग ७ जून २०२१ चा आदेश दिला. कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांस त्या आदेशाने मज्जाव केला. शिकवणाऱ्याने शिकावयास बसणे ही आमच्या पेशात क्वचितच दिसणारी गोष्ट आहे.

व्यवसायाची वाट प्रत्यक्षात कशी निघते, हे दोन दिवंगतांच्या चरित्रांत छान दिसते. वेंडेल रॉड्रिक्स हे गोव्याच्या कोलवाळचे वस्त्रकल्पक, कॅथलिक, आणि आपला समलिंगी कल न लपवणारे. त्यांनी आरंभी हॉटेल-व्यवसायाचे शिक्षण घेतले, मस्कतमध्ये नोकरी केली, तेथील शिलकीतून लॉस एंजेलिस व पॅरिस येथे वस्त्रकलेचे शिक्षण घेतले आणि मग गोव्यास परतून कुणबी लुगड्यास नवे जीवन दिले. २०१४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०२० साली ते निवर्तले. पहिली नोकरी ही दुसरीची पायरी होती, आणि ती पायरी अशा देशात होती जेथे मोकळेपणा शक्य नव्हता. काही वर्षे मौन पाळणे म्हणजे आयुष्यभराचे खोटे नव्हे.

दुसरे भूपेन खख्खर. वडोदऱ्याचे श्रोते त्यांस विसरले नसतील. १९३४ साली मुंबईत जन्म, शिक्षणाने सनदी लेखापाल. १९६२ च्या सुमारास ते बडोद्यास आले, कलाशिक्षण घेतले, पण हिशेबाचे काम सोडले नाही. एका कारखान्यात अर्धा वेळ जमाखर्च आणि उरलेला वेळ रंग. चित्रे विकली जात नसत त्या दिवसांत त्यांना कोणाच्या मर्जीचे चित्र काढावे लागले नाही, याचे श्रेय त्या वहीखात्यांस आहे. १९८१ साली त्यांनी बाप, मुलगा आणि गाढव ही आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट रंगवली. सज्जात एक विवस्त्र पुरुष उभा आहे आणि खाली रस्त्यावर ती यात्रा चालली आहे. सर्वांना खूश करता येत नाही, हेच त्या चित्राचे नाव आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी काशीक्षेत्रातील दोन पुरुषांचे चित्र काढले. त्यात भक्तांची नित्याची पूजाअर्चा त्यांच्या सभोवती चालूच आहे. श्रद्धेचे जग आणि प्रेमाचे जग त्यांनी एकाच चौकटीत बसवले. १९८४ साली त्यांस पद्मश्री मिळाली, २००३ साली ते गेले. माझ्या मते तरुणांस त्यांच्या धाडसाइतकीच त्यांची हिशेबाची नोकरीही दाखवावी.

शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी एक शेवटची व्यावहारिक सूचना करतो. एखादा विद्यार्थी विश्वासाने काही बोलला तर ते त्याच्या आई-वडिलांस आपण होऊन कळवू नये. कळवावे की नाही, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. तो फार खचलेला दिसला तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याला द्यावा. तेथे विनामूल्य बोलता येते. वडोदऱ्यात लक्ष्य ट्रस्ट आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट या संस्था या क्षेत्रात बरीच वर्षे काम करीत आहेत. आणि शाळेतील मार्गदर्शनाच्या नोंदपत्रकावर मुलाची आवड, त्याचे गुण, घरची ऐपत, सुचवलेले अभ्यासक्रम एवढेच लिहावे. लैंगिक कलाचा उल्लेख, खुणेच्या अक्षरानेही, तेथे करू नये. ते पत्रक कचेरीच्या कपाटात राहते, आणि कपाटाची किल्ली दर दोन-तीन वर्षांनी नव्या हाती जाते.